लाल ओल

पडद्यावर हात उमटला आणि गोदामातली पाच-सहाशे माणसं एकदम गप्प झाली.

एक निवृत्त पोस्टमन लाकडी भिंतीसमोर, तिच्याकडे तोंड करून उभा होता. दोन्ही हातांत पांढरं फडकं, छातीसमोर ताणून धरलेलं. मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा पिवळा दिसत होता, हात नारिंगी, फडकं निळसर. मग फडक्याच्या मधोमध काहीतरी तांबूस झालं, पसरलं, त्याला बोटं फुटली आणि पाहता पाहता लालबुंद पंजा तयार झाला. तिथे दुसरं कुणी नव्हतं, पण पोस्टमनच्या छातीवर कुणीतरी हात ठेवलेला सगळ्यांना दिसत होता.

"आली," पोस्टमन म्हणाला. "ऊब आली. छातीत, आतून येतेय." त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली होती.

लोक डोळे पुसू लागले. पहिल्या रांगेतला एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर शेजाऱ्याचा दंड घट्ट धरून बसला. आणि मी, जिच्या कॅमेऱ्यातून तो हात पडद्यावर आला होता, भिंतीलगतच्या कोपऱ्यात उभी राहून घामाघूम झाले होते. लोक घाबरले होते कारण त्यांना हात दिसला होता. मी घाबरले होते कारण तो हात लाल होता.

हे कळायला माझा धंदा काय ते सांगायला हवं. मी ओल शोधते. कुणाच्या छतातून गळतं, कुणाच्या भिंतीत नळ फुटून आतल्या आत पाणी मुरतं, तिथे मी माझा कॅमेरा घेऊन जाते. हा कॅमेरा उष्णता बघतो. गरम असेल ते लाल दाखवतो, गार असेल ते निळं. ओल सतत सुकत असते आणि सुकताना गार होते, म्हणून ओल निळी दिसते. बारा वर्षांत मी हजारो भिंती पाहिल्या आणि प्रत्येक भिंतीत ओल निळीच दिसली. माझा दादा मला चिडवायला ओलबाई म्हणायचा आणि पुढे सगळं घरच म्हणू लागलं.

गोदामाच्या मालकाने छत गळतंय म्हणून मला बोलावलं होतं. ते गोदाम तेव्हा 'मायबाप' नावाच्या गृहस्थांनी भाड्याने घेतलं होतं. पंचेचाळिशीचा माणूस, गुळगुळीत दाढी, आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला आपण आजारी आहोत असं वाटावं. कॅमेऱ्यात स्वतःचं रंगीत तोंड पाहिल्यावर त्याचे डोळे चमकले. हे मोठ्या पडद्यावर दाखवता येईल का, असं त्याने विचारलं. येईल, मी म्हणाले. काम मंदावलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ती गंमत वाटली. रोज दुपारी दोन तास जाऊ लागले.

मायबापांचं प्रवचन ठरलेलं होतं. "भिंत म्हणजे काय?" ते विचारायचे आणि कुणी उत्तर देण्याआधी स्वतःच सांगायचे. "जी आड येते ती भिंत. आणि माया म्हणजे काय? जिच्या आड काहीच येत नाही ती माया. जिच्या आड मरण येत नाही, तिच्या आड ही फळी काय येणार?" लोक माना डोलवायचे. लगेच नियम सांगितले जायचे. अंगावर धातू नको. अंगठ्या, चष्मे, किल्ल्या, पट्टे, सगळं दारातल्या टोपलीत टाका, कारण मायेला धातू सोसत नाही. म्हणजे मायेच्या आड काहीच येत नाही, पण किल्ल्यांचा जुडगा मात्र येतो. एकाच दमात दोन्ही गोष्टी सांगितल्या जायच्या आणि कुणाची भुवई उंचावत नसे. माझीही उंचावली नाही, हे कबूल करते.

मग मायबाप एका घमेल्यातल्या पाण्यात पंजा बुडवून कोऱ्या फडक्यावर उमटवायचे. फडकीवाली मावशी ते फडकं रांगेतल्या माणसाच्या हातात द्यायची. माणूस जमिनीवर रंगवलेल्या रेषेवर उभा राहायचा. गाणं सुरू व्हायचं, एकच सूर घुमवत राहणारं, आणि फडक्यावरचा ओला पंजा माझ्या कॅमेऱ्यात लाल व्हायचा.

ओल होती ती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात बुडवलेली. ती निळी दिसायला हवी होती.

भिंतीमागे शेगडी असेल असं मला आधी वाटलं. पण शेगडीने आधी फळ्या तापल्या असत्या, आणि त्या तर गार होत्या. कोरडं फडकंही गार होतं. मधली ओल तेवढी तापत होती. असं करणारी कुठलीही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी देवभूत मानणारी बाई नाही. पण त्या दुपारी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

लोक गेल्यावर, मावशी झाडू मारत असताना, मी मायबापांना म्हटलं, मलाही उभं राहू द्या. ते हसले. गाणं लागलं. चार-पाच श्वास झाले आणि छातीत ऊब आली. उन्हाची ऊब आधी कातडीला लागते. ही तशी नव्हती, कातडीच्या आतून आली. आणि मला दादा आठवला. मला त्याचाच राग आला, की माझ्यासारख्या बाईलाही तिथे दादा आठवावा.

दादाला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. चार दिवसांचा ताप आणि संपलं. वहिनीला तेव्हा चौथा महिना होता. बाळ जन्मलं ते बापाशिवाय. आता ते तीन महिन्यांचं होतं आणि झोपेत ओठ मुडपायचं, अगदी दादासारखं.

गोदामातली गोष्ट मीच घरी सांगितली. बोलण्याच्या ओघात, चहा पिताना, बघ काय एकेक चाललंय असं म्हणत. वहिनीने चहाचा कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ती रांगेत उभी होती. बाळ शेजारणीकडे ठेवून आली होती. तिच्या फडक्यावर पंजा लाल झाला आणि पडद्याकडे बघत ती हलक्या आवाजात म्हणाली, "हेच."

रात्रीच्या जेवणाला मी तिला आठवण करून दिली. दादा छापखान्यात होता आणि त्याच्या उजव्या तर्जनीचं पेर कटिंगच्या यंत्रात गेलं होतं. पडद्यावरच्या पंजाला पाचही बोटं पूर्ण होती. वहिनीने ताट बाजूला सारलं.

"तिकडे गेल्यावर माणूस पुरा होतो," ती म्हणाली. "मायबापांनी सांगितलं मला."

तिच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत पहिल्यांदा रंग आला होता. ती रोज जाऊ लागली.

मग एका मंगळवारी मायबापांनी भर सभेत जाहीर केलं. भिंतीत कमरेच्या उंचीवर एक कोनाडा होता, कापूस लावून मऊ केलेला. त्याला ते कूस म्हणायचे. ज्या बाळाने बाप पाहिला नाही त्याला शुक्रवारी बापाच्या कुशीत ठेवायचं. मोठ्यांना अर्धं मिनिट पुरतं, बाळाला अख्खं गाणं द्यायचं, पूर्ण नऊ मिनिटं. लोकांनी वळून वहिनीकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आनंदाने.

त्याच दिवशी निघताना मावशीने मला थांबवलं आणि एक फडकं तोंडासमोर धरलं. यावर डाग आहे का बघ गं, म्हणाली. डाग भलामोठा होता. मावशी जेमतेम चाळिशीची. चार महिन्यांपासून सगळं धुक्यातून दिसतं, ती म्हणाली. दिवसभर भिंतीशी उभं राहून फडकी देते ना, माया डोळ्यांत दाटते, असं मायबाप म्हणतात.

मायबाप स्वतः भिंतीसमोर कधी उभे राहत नसत. मी एकदा विचारलं होतं. मला भिंतीची गरज नाही, असं उत्तर मिळालं होतं.

बुधवारी सकाळी मी प्रयोगबाईंकडे गेले. त्यांनी मला शाळेत विज्ञान शिकवलं होतं, अजूनही त्याच प्रयोगशाळेत त्याच डगमगत्या स्टुलावर बसतात. मी सगळं सांगितलं. त्या चहा ढवळत ऐकत होत्या. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत केबल का ओढली, असं त्यांनी मध्येच विचारलं. म्हटलं, आधी वायरशिवायच पाठवत होते, पण माया आली की चित्र जायचं आणि गाणं संपलं की परत यायचं.

त्यांचा चमचा थांबला.

कोपऱ्यात डबे गरम करायचा जुना मायक्रोवेव्ह ओव्हन होता. त्यांनी त्याच्यातली फिरती थाळी काढली, टीपकागद ओला करून पुठ्ठ्यावर चिकटवला, आत ठेवला आणि दहा सेकंद ओव्हन चालवला. दार उघडून म्हणाल्या, बघ तुझ्या यंत्रातून.

मी बघितलं. साध्या डोळ्यांना तो पांढरा ओला कागद होता. कॅमेऱ्यात त्याच्यावर लाल ठिपके होते, थोडेफार वाकडेतिकडे पण रांगेत, आणि मधल्या जागा निळ्या. बाईंनी पट्टी लावली. दोन ठिपक्यांत सहा सेंटीमीटर. पुढच्या दोनांतही जवळपास तेवढंच.

"लहर तुझ्या डोळ्यांना दिसत नाही आणि कॅमेऱ्यालाही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण ती ओल्या कागदाला तापवते, आणि तापलेलं तुझ्या कॅमेऱ्याला दिसतं. ओव्हनच्या पत्र्यावर आपटून लहरी उलट फिरतात. जिथे एकमेकींना जोर देतात तिथे लाल, जिथे एकमेकींना मारतात तिथे निळं. लाकडातून, कोरड्या कापडातून त्या सरळ निघून जातात. पाणी भेटलं की त्यांची शक्ती तिथे जिरते. धातूवरून परत फिरतात. तुझं वायरशिवायचं चित्रही अशाच लहरींवरून जातं, म्हणून ते बंद पडायचं."

"आणि माणूस?"

"माणूस बहुतेक पाणीच आहे. डोळ्याच्या भिंगात तर रक्तही फिरत नाही. तिथली उष्णता वाहून न्यायला कुणी नाही."

मला मावशीचं फडकं आठवलं. मग मी तीन महिन्यांच्या बाळाबद्दल विचारलं. प्रयोगबाई उठल्या. त्यांनी टीपकागदांचा अख्खा गठ्ठा माझ्या पिशवीत घातला.

गुरुवारी दुपारी मी मायबापांना सांगितलं की उद्या मोठा दिवस आहे, रंग नीट जुळवून घेते. त्यांना पटलं. पडद्यावर आपला चमत्कार देखणा दिसावा ही त्यांची फार इच्छा होती. मी दोन खांबांमध्ये दोरी बांधून कोनाड्यासमोर ओल्या टीपकागदांची चादर टांगली आणि बाजूला झाले. गाणं सुरू झालं.

एवढे दिवस मी त्या झोताचा पंजाएवढा तुकडा बघत होते. आता तो अख्खा दिसला. कडेला निळा, आत पिवळा, मग लाल, पाण्याच्या पाइपाने भिंतीवर फवारा मारावा तसा. आणि कोनाड्यासमोर पांढरा. माझ्या कॅमेऱ्यात लालच्या पलीकडे पांढरा येतो. मी तो रंग एकदाच पाहिला होता, जळायच्या बेतात असलेल्या वायरच्या जोडावर. त्या पांढऱ्या डागाच्या जागी उद्या बाळाचं डोकं येणार होतं. चित्र साठवायचं बटण दोनदा चुकलं.

चौकीत फोन केला. लेखी अर्ज द्या, साहेब सोमवारी येतील, असं सांगितलं. मी शुक्रवार म्हणत होते आणि ते सोमवार म्हणत होते.

संध्याकाळी वहिनी बाळाचं झबलं इस्त्री करत बसली होती, दुसऱ्या दिवसासाठी. मी तिच्यासमोर चित्र धरलं आणि कळेल तसं सगळं समजावलं. ओव्हन, लहरी, मावशीचे डोळे. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"याच कॅमेऱ्यात तू मला त्यांचा हात दाखवलास," ती म्हणाली. "तेव्हा रंग खरे होते. आता तूच म्हणतेस खोटे."

"रंग खरेच आहेत, वहिनी. त्यांचा अर्थ—"

"तू जन्मभर ओल शोधलीस, ओलबाई. कुणाला ऊब मिळाली तर ती तुला बघवत नाही."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने झबल्याची घडी घातली आणि दिवा मालवला. मी भिंतीला टेकून बसले. बाळ उचलून पळून जावं, असंही मनात आलं. पण आज मी बाळ पळवलं तर उद्या ती पुन्हा नेणार, आणि मला न सांगता नेणार. रात्रभर मला तो पांढरा डाग दिसत होता.

शुक्रवारी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रयोगबाई तिसऱ्या रांगेत, कडेला बसल्या होत्या. त्यांचा बिस्किटं भाजायचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे माझ्या कॅमेऱ्याच्या पेटीत होता. कडा गोल वळवलेल्या, म्हणजे ठिणगी उडायची भीती कमी, असं त्यांनी बजावलं होतं. जे करायचं ते बाजूने करायचं, भिंतीसमोर कुणी उभं राहायचं नाही, हेही तीनदा बजावलं होतं. वहिनी पहिल्या रांगेत होती. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं.

मी मायबापांजवळ जाऊन म्हटलं, एक गाणं आधी नुसतं लावा, रंग एकदा तपासते, बाळाच्या वेळी काही चुकायला नको. त्यांनी मोठ्या मनाने मान हलवली आणि गाणं लावायला सांगितलं.

मी एक कोरं फडकं लाकडी स्टँडवर टांगून रेषेवर ठेवलं. मागे माणूसच नव्हता. मग घमेल्यापाशी गेले. उजवा पंजा पाण्यात बुडवला. तर्जनीचं पेर आत दुमडलं आणि तो पंजा फडक्यावर दाबला. पटकन बाजूला झाले.

एवढं निर्दय काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

पडद्यावर निळा डाग दिसला. तो जांभळा झाला, तांबडा झाला, आणि साडेचार बोटांचा लालबुंद हात सहाशे लोकांसमोर उभा राहिला. लोकांना काहीच कळलं नाही. पण पहिल्या रांगेतून एक आवाज आला, श्वास आत ओढल्याचा. दादाचा हात इतका हुबेहूब मलाही अपेक्षित नव्हता.

मला भाषण येत नाही. मी एवढंच म्हटलं की हा हात मी आत्ता काढला, नळाच्या पाण्याने, तुमच्यासमोर. मागे कुणी माणूस नाही ज्याच्यावर कुणाची माया असेल. इथे पाण्याने गाढव काढलं असतं तर गाढव लाल झालं असतं. भिंतीमागे ओव्हनचं यंत्र आहे आणि ते पाणी तापवतं. तुमच्या अंगातलंही.

मायबाप हसायला लागले, पण हसणं नेहमीपेक्षा कोरडं होतं. अविश्वासाचीही परीक्षा माया घेते, असलं काहीतरी ते म्हणाले. मग गाणं बंद करण्याची खूण केली. गाणं बंद झालं नाही. गाणं लावणारा आणि यंत्राचा खटका दाबणारा माणूस मागच्या खोलीत होता. गाणं सुरू झालं की दाबायचा आणि संपलं की सोडायचा, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. पुढे काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं.

गर्दी माझ्यावर उलटली. पोस्टमन उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो मला गप्प बस म्हणत होता. त्याचा राग मला कळत होता. मी त्याच्या बायकोचा हात हिसकावून घेत होते. मागून कुणीतरी बाहेर काढा हिला म्हणालं, ड्रायव्हर माझ्याकडे निघाला, आणि त्याच वेळी वहिनी उठली.

बाळाला छातीशी धरून ती चालत रेषेकडे येत होती. नजर पडद्यावरच्या हातावर. गाणं चालू होतं. भिंत चालू होती.

"वहिनी, थांब," मी ओरडले. "यंत्र चालू आहे. तिथेच थांब."

ती थांबली नाही. तीन पावलं राहिली होती. प्रयोगबाई बाजूने उठून आल्या आणि तिच्या वाटेत उभ्या राहिल्या, हात पुढे करून. वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग माझ्या ओल्या हाताकडे. माझी तर्जनी अजून दुमडलेलीच होती. मला सरळ करायचं भानच राहिलं नव्हतं.

तिने बाळ प्रयोगबाईंच्या हातात दिलं.

मग बाजूने माझ्यापाशी आली आणि विचारलं, "तू काल म्हणालीस धातूवरून परत फिरते. कुठेय?"

मी ट्रे दिला. तिने तो लांबवर हात करून, कडेनेच, भिंत आणि फडकं यांच्यामध्ये धरला. पडद्यावर साडेचार बोटांचा हात तांबूस झाला, जांभळा झाला, आणि हळूहळू निळा पडला. ओल आपल्या रंगावर आली. वहिनीने ट्रे काढला. हात पुन्हा लाल होऊ लागला. तिने ट्रे परत धरला. हात परत निळा. ड्रायव्हर जागच्या जागी उभा राहिला होता.

तिसऱ्यांदा हात विझला तेव्हा ती मायबापांकडे वळली.

"मायेच्या आड काहीच येत नाही म्हणालात," ती म्हणाली. "हा बिस्किटांचा ट्रे आहे."

कुणी हसलं नाही. पोस्टमन खाली बसला आणि त्याने चेहरा गुडघ्यांत घातला. मग गाणं संपलं.

फळ्या गोदामाच्या मालकानेच उचकटल्या. मागे हॉटेलांच्या ओव्हनमधून काढलेले लहरी सोडणारी दोन नळकांडी, पत्र्याची नरसाळी आणि नळकांडी थंड ठेवायला पंखे. पंख्यांची आणि यंत्राची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून ते एकसुरी गाणं होतं. अंगावर धातू असता तर ठिणग्या उडाल्या असत्या, म्हणून टोपली होती. मायबाप पूर्वी हॉटेलांत ओव्हन दुरुस्त करायचे. एकदा दार नसलेला ओव्हन चालवताना हाताला आतून ऊब लागली आणि त्यांना धंदा सुचला, हे त्यांनीच जबाबात सांगितलं. साहेब सोमवारऐवजी त्याच संध्याकाळी आले. लेखी अर्ज कुणी मागितला नाही.

मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. चाळिशीच्या मानाने फारच पिकलेला, डॉक्टर म्हणाले. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. वहिनीचे डोळे तपासले, ठीक आहेत. पोस्टमन माझ्याशी अजून बोलत नाही आणि मला त्याला दोष देता येत नाही.

लोक मला विचारतात, तुला एवढं विज्ञान येत होतं का? नव्हतं येत. मला फक्त एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ओल निळी असते. तुम्हालाही तुमच्या कामातलं असं काहीतरी पक्कं ठाऊक असेल. सुतार असाल तर लाकडाचं, स्वयंपाक करत असाल तर आचेचं. समोरचा चमत्कार त्याच्या विरुद्ध जात असेल तर स्वतःवर शंका घेऊ नका, चमत्कारावर घ्या. आणि कुठेही नियम सांगितला की अमुक आणू नका, तर तेच आणून बघा. भीती वाटेल. मला वाटली होती. घाबरतच केलं तरी चालतं.

त्या शुक्रवारनंतर वहिनी पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एका दुपारी बाळ तिच्या छातीवर पालथं झोपलं होतं आणि मी कामावरून येऊन कॅमेरा पुसत होते. तिने बाळाला उचलून गादीवर ठेवलं आणि म्हणाली, "ओलबाई, इकडे धर बघू तो."

मी कॅमेरा धरला. तिच्या कुडत्यावर, जिथे बाळ होतं तिथे, लाल आकार होता. गोल डोकं, मुडपलेले पाय, एक पसरलेला इवलासा हात. मी तिला तो दाखवला. ती बघत राहिली.

मिनिटभरात तो फिकट होऊन गेला. तिने बाळाला पुन्हा उचलून छातीवर घेतलं.